कोडोलीचे गुऱ्हाळी संगणक जुंपिला, त्याची हकीकत

साहेब, चोरी आपल्या कचेरीने केली आणि चोर म्हणून नाव कोडोलीच्या लेकीचे लिहू पाहिले. हे पहिल्याच ओळीत सांगतो, कारण कचेरीत कागदाची दुसरी ओळ कोणी वाचीत नाही, हा तमाम तालुक्याचा अनुभव आहे. तरी मागाहून आम्हांस ठाऊक नव्हते असे म्हणावयास जागा राहू नये, म्हणून आम्ही कोडोलीकर झाले ते वर्तमान मुळापासून लिहून पाठवीत आहो. फुगवून लिहिलेले नाही. जे थोर वाटेल ते थोरच होते.

शालिवाहन शके एकोणीसशे सत्तावीस, पार्थिव नाम संवत्सर, मार्गशीर्ष शुद्ध द्वितीया, मंदवार म्हणजे शनिवार, ते दिवशी आपल्या कचेरीचा खलिता मुलींच्या शाळेत दाखल जाहला. आत मजकूर ऐसा की, शाळेतील पाचही संगणकांत चोरीची कार्यप्रणाली, जीस ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात, नांदते आहे, सबब तीन आठवड्यांचे आत परवान्याची प्रणाली घालून दाखवावी, न दाखविल्यास मंदवारी वद्य अष्टमीस साहेब जातीने येऊन संगणक लाखबंद करून घेऊन जातील आणि खोलीच्या जबाबदार म्हणून सुष्मिताबाई यांचे नाव पंचनाम्यात आरोपीचे जागी लिहितील.

आता सुष्मिताबाई कोण, ते आपण पुसले नाही, आम्ही सांगतो. वय बावीस, बाप शेतकरी, संगणक शिकविणारे कोणी मिळाले नाही म्हणून पुस्तक उशाला घेऊन आपणच शिकली, आणि शाळेत एकतीस पोरींस विनापगार शिकवू लागली. पाच संगणक आले ते कैसे, तर गावच्या प्रत्येक गुऱ्हाळाने गुळाचा एकेक रवा, म्हणजे ढेप, दिला, ते रवे कोल्हापुरास जाऊन विकले आणि जुन्या बाजारातून पाच डबे टेम्पोत घालून वाजतगाजत आणिले. कचेरीने त्यांत काही दिले नाही. एक माणूस तेवढा दिला. तो आला, चहा प्याला, खिशातून तबकडी, जीस सीडी म्हणतात, काढिली आणि पाचांही यंत्रांत प्रणाली घालून निघून गेला. तबकडी यंत्रातच विसरला. त्या तबकडीची गोष्ट पुढे येणार आहे. साहेबांनी उठून जाऊ नये.

खलिता वाचून हेडबाई दिलगीर जाहल्या. परवान्याची प्रणाली विकत घ्यावी तर तिची किंमत पाचही यंत्रांच्या डोक्यावर गेली. तेव्हा सुष्मिताबाईंनी खलिता चौघडी करून पदराआड ठेविला आणि तडक आकाराम मोटार रिवायंडिंगवाले यांचे दुकानी कूच केले. हे आकाराम म्हणजे तांब्याच्या तारेचे सरदार. शिवारातील जळालेली कुल मोटार त्यांच्यापुढे येऊन पडते आणि उठून पाण्याला जाते. इंग्रजी शब्दकोश काखेत धरून इंग्रजी मासिके वाचणे, हा त्यांचा शौक. एका मासिकासोबत आलेल्या सहा तबकड्या त्यांनी तेलकट कपाटात तीन वर्षे जपून ठेविल्या होत्या. त्यांत जी प्रणाली होती ती कोणा एकाची मिरास नव्हे. मुलुखोमुलखीच्या लोकांनी ती लिहिली, तिचा मूळ मसुदा, ज्यास सोर्स कोड म्हणतात, तो उघडा ठेविला, आणि फर्मान काढिले की ज्यास पाहिजे त्याने न्यावी, बदलावी, नकलून शेजाऱ्यास द्यावी, घेणाऱ्यास मसुदाही द्यावा, आणि कोणी कोणास अडवू नये. साहेब, ऐसे फर्मान आपल्या दफ्तरात सापडणार नाही. उगा शोधू नये.

तयार प्रणालीच का घातली नाही, असे कोणी शहाणा पुसेल. त्यास उत्तर, की तयार जी होती ती नव्या दमदार यंत्रांच्या मापाने शिवलेली. आमच्या म्हाताऱ्या डब्यांना ती अंगी लावताच ते धापा टाकून जागीच बसले. तेव्हा मसलत ठरली की मूळ मसुदाच घ्यावा, नको तो मजकूर छाटावा, आणि आमच्या यंत्राच्या मापाने नवी प्रणाली उभारावी. पाचांतील त्यातल्या त्यात धडधाकट यंत्रास मसुदा चारावा, त्याने तो यंत्राच्या भाषेत रांधावा, ज्यास कंपाइल म्हणतात, आणि एक सिद्ध जाहली की बाकी चारांस नक्कल द्यावी. मसुद्याची पुडकी एकशे बेचाळीस. एकामागून एक रांधायची. काम दिवसांचे.

आणि मग मोहीम शाळेतून सुरू जाहली, आणि पहिल्याच दिवशी गनीम समोर आला. त्याचे नाव भारनियमन. सकाळी चार घटका वीज असे, मग जाई, मग सायंकाळी येऊन तोंड दाखवी आणि पुन्हा जाई. यंत्राने दहा पुडकी रांधिली की अंधार. सुष्मिताबाई पुन्हा पहिल्यापासून मोर्चा लावीत, पुन्हा अंधार. आकारामांनी ट्रॅक्टरची बॅटरी आणून लाविली, ती अर्ध्या तासात शरण गेली. येणेप्रमाणे आठ दिवस वाया गेले आणि दहाबारांपुढे मजल गेली नाही.

तेव्हा आकारामांनी नजर फिरविली, की कोडोलीत अखंड वीज कोठे आहे? त्यास एकच ठिकाण निघाले. गुरुपाद यांचे गुऱ्हाळ. हंगाम ऐन भरात, चरकाला डिझेलचे इंजिन, इंजिनाला जोडून जनित्र, आणि काहिलीखालचे चुलवाण दिवाळीपासून विझलेले नाही. गुरुपाद हे स्वतः गुळवे. काहिलीतला उसाचा रस कोणत्या क्षणी गूळ होतो, हे बोटावर घेऊन सांगणारे पंचक्रोशीतील मातबर. त्यांजकडे शिष्टाई गेली. त्यांनी सर्व ऐकोन घेतले आणि हुकूम दिला की यंत्र बेलाशक आणावे, गुऱ्हाळाच्या इमानाला डाग लागणार नाही.

मग मंगळवारी बैलगाडीत गवताची गादी करून यंत्र निघाले. पुढे आकाराम सायकलीवर, मागे सुष्मिताबाई तबकड्या छातीशी धरून. गुऱ्हाळात चुलवाणापासून पाच हातांवर, जेथे वायर पोचते तेथे, गुळाच्या रव्यांवर फळी टाकून यंत्राचे ठाणे बसविले. गुरुपादांनी त्यास हळदकुंकू लाविले, नारळ वाढविला. कामाला नवी वस्तू आली की रीत आहे. रातंदिवस न थांबता ओढते म्हणून चुलवाणावरच्या गड्यांनी त्याचे नाव बैल ठेविले. "बैल काय म्हन्तोय?" असे येता जाता पुसू लागले. त्यांचे हसण्यावारी होते. पुढे त्याच नावाने इतिहास फिरला.

पहिली स्वारी: बुधवारी चाळीस पुडकी जाहली आणि यंत्र एकाएकी मूर्च्छित पडले. पडद्यावर एवढेच उमटले की अकरा क्रमांकाचा इशारा. कारण नाही, पत्ता नाही. अगदी आपल्या कचेरीच्या पत्रासारखे. आकारामांनी शब्दकोश चाळिला, त्यात शब्द सापडले, अर्थ सापडला नाही. तेव्हा गुरुपादांनी आपल्या विद्येप्रमाणे निवाडा केला, म्हणाले: आदण मोडलं की मोडलं. अर्धकच्चा रस पुन्हा चढवून त्याचा गूळ होत नाही, गुऱ्हाळाची अब्रू मात्र जाते. काहील ओता, घासा, आणि पहिल्यापासून धरा. सर्वांस हा निवाडा पटला, कारण साऱ्या गावाचे हात गुळात मळलेले. सुष्मिताबाईंनी जाहले ते चाळीसही पुसून टाकिले आणि पहिल्या पुडक्यापासून आरंभ केला.

दुसरी स्वारी: शुक्रवारी, छप्पन्नाव्या पुडक्यावर, तोच इशारा. मागे चाळिसावर पडले, आता छप्पन्नावर. जागा दर वेळी निराळी. आकाराम म्हणू लागले की मासिकवाल्याने तबकडीत दगा केला. गुरुपाद म्हणू लागले की नारळ नासका निघाला होता. पुन्हा काहील ओतिली, पुन्हा घासिली. सुष्मिताबाईंचे बापास कोणी चावडीवर पुसले होते की लेकीवर केस होणार हे खरे काय, आणि बाप ते दिवशी जेवला नव्हता. हे त्यांनी कोणास सांगितले नाही. आम्हांस ठाऊक आहे, म्हणून लिहिले.

तिसरी स्वारी शुक्रवारी सायंकाळी निघाली आणि ती नेट धरून चालली. मंदवारी साठ गेली, आदितवारी नव्वद, आणि इंदुवारी सकाळी एकशे तीन. साहेबांच्या स्वारीस दिवस उरले पाच. आकारामांनी चहा मागविला. गुरुपादांनी काकवीची वाटी सर्वांपुढे फिरविली. आणि त्याच समयी गुरुपादांच्या मातोश्री दानम्मा भाकरीची पाटी घेऊन गुऱ्हाळात आल्या.

दानम्मांचे माहेर खाली कानडी सीमेकडचे, वय सत्तरीपार, गळ्यात लिंग, आणि घरात त्यांचा शब्द म्हणजे मोर्तब झालेला कागद. त्या येता येता गड्यांचे बोलणे कानी पडले की बैल तीन दिस जुपलाय, अजून सोडल्याला न्हाई. त्यांनी पाटी खाली ठेविली. कुठला बैल, म्हणून पुसले. गड्यांनी हसत यंत्र दाखविले. दानम्मा यंत्रापाशी गेल्या, कपाळीचे कुंकू पाहिले, पाठीवर हात ठेविला आणि चटका बसावा तैसा मागे घेतला. मग त्यांनी वायर धरिली आणि पीन ओढून काढिली.

पडदा काळा जाहला. सुष्मिताबाई यंत्राकडे धावल्या. आकारामांच्या हातचा चहा सांडला. आणि गुरुपाद, ज्यांनी जन्मात आईपुढे आवाज चढविला नाही, ते ओरडले, की आव्वा, हे काय केलंस?

दानम्मा म्हणाल्या, "आज सोमवार न्हवं? आमच्यात सोमवारी बैलाच्या मानंवर जू ठेवत न्हाईत, तुला कोण सांगायचं?"

गुरुपादांनी विनविले की आव्वा, बैल नव्हे, यंत्र आहे, आणि इंजिन तर सोमवारीही चालते की.

"इंजानाला कोन बैल म्हनलंय? ह्येला तुमीच कुक्कू लावलासा, तुमीच बैल म्हनलासा. मग सोडायला नगो? हात लावून बघ जा, कसा तापलाय. तोंडाला फेस आलाय त्येच्या. चुलवाणाम्होरं बांधलाय जनावर, गोठा काय वस पडला व्हता?"

तेव्हा सुष्मिताबाईंचा धीर सुटला आणि त्या रडत म्हणाल्या, "आज्जी, एकशे तीन झालतं. आता परत पहिल्यापास्नं."

दानम्मांनी त्यांजकडे पाहिले. मग जे बोलल्या ते अक्षरशः लिहून ठेवितो, कारण साऱ्या मोहिमेत एवढीच अक्कल निघाली आणि ती शाळेत न गेलेल्या बाईच्या तोंडून निघाली:

"का गं बाई? काल नांगरल्यालं रान आज परत नांगरतासा व्हय? जितं बैल सोडला तितनंच जुपायचा. ह्यो काय तुमचा गूळ हाय?"

आकाराम उभे राहिले, बसले, पुन्हा उभे राहिले. मग त्यांनी मासिक काढिले आणि तेलकट बोट ओळीवर ठेवून वाचू लागले. तीन वर्षे हजार वेळा वाचलेली ओळ, की जे पुडके रांधून जाहले ते यंत्र पुन्हा रांधीत नाही, तारीख पाहून पुढे जाते. ओळ तेथेच होती. गुळाच्या घरात बसून ती कोणास दिसली नव्हती. आणि अकरा क्रमांकाचा इशारा तो काय, तर तापलेल्या जनावराने मान टाकणे. तबकडीत दगा नव्हता, नारळही नासका नव्हता. आम्ही सारे शहाणे सात दिवस यंत्रास आगीपुढे बांधून, ते पडले की केलेली मेहनत आपल्याच हाताने ओतीत होतो. हे लिहावयास लाज वाटते. तरी लिहितो. कचेरीसारखे खोटे लिहिणे आम्हांस जमत नाही.

ते दिवशी यंत्रास कोणी हात लाविला नाही. दानम्मांचा तैसा हुकूमच होता. गड्यांनी ते उचलून मागल्या गोठ्यात नेले, जेथे वारा खेळतो, आणि लांब वायर ओढिली. आकारामांनी बाजूचा पत्रा काढून आतली धूळ फुंकिली, त्यात चिपाडाचा चुरा मूठभर निघाला. समोर टेबलफॅन बसविला. शेजारच्या खिलारी बैलाने मान लांब करून पडदा एकदा चाटून पाहिला, आणि पसंत नाही म्हणून सोडून दिला.

मंगळवारी उजाडताच दानम्मांनी स्वहस्ते पीन लाविली. सुष्मिताबाईंनी हुकूम टंकिला आणि डोळे मिटून घेतले. आकाराम मोठ्याने वाचीत गेले: पहिले जाहले आहे, दुसरे जाहले आहे, तिसरे जाहले आहे. यंत्र एकामागून एक रान ओलांडीत निघाले, नांगरलेल्यास शिवले नाही, आणि जेथे सोमवारी सोडिले होते तेथे जाऊन एकशे चाराव्यास लागले. "लागला गं बैल तासाला," असे दानम्मा म्हणाल्या आणि शेण काढावयास गेल्या.

गुरुवारी दोन प्रहरी एकशे बेचाळिसावे पुडके फत्ते जाहले. यंत्र निजविले आणि उठविले. आमच्याच गोठ्यात रांधलेली, आमच्याच मापाची प्रणाली उभी राहिली, आणि काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरे उमटली. यंत्र उठताच काय बोलावे ते ज्याचे त्याने लिहावयाचे असते. सुष्मिताबाईंनी ते इंग्रजी अक्षरांत पण आपल्या बोलीत लिहून ठेविले होते: या पावणं, नाव सांगा. गुरुपादांनी ते पाहिले, खिशातून गुळाचा खडा काढून यंत्रापुढे ठेविला, आणि सुष्मिताबाईंस म्हणाले की बाई, माझा निवाडा चुकला. मातबर गुळव्याने ऐसे म्हणणे, ही फत्ते पहिलीपेक्षा लहान नव्हे. शुक्रवारी शाळेत बाकी चारांस नकला दिल्या.

वद्य अष्टमीस साहेब जीपमधून आले. संगती कारकून, लाख, दोरा, मेणबत्ती. कारकून म्हणजे तोच, जो पूर्वी चहा पिऊन गेला होता. खोलीत एकतीस पोरी आणि गुरुपाद, आकाराम, दानम्मा. साहेबांनी पहिले यंत्र लावण्यास सांगितले. यंत्राने साहेबांस पाहुणे म्हणून नाव पुसले. साहेबांस कोणी नाव पुसण्याची सवय नव्हती. पोरींनी तोंडाला ओढण्या लाविल्या.

मग साहेबांनी तक्ता काढिला आणि पुसले की परवाना क्रमांक काय? सुष्मिताबाईंनी परवाना पुढे केला, साऱ्या कलमांसह छापलेला, आणि सांगितले की यास क्रमांक नसतो, हा सर्वांस मोकळा आहे. साहेब म्हणाले की क्रमांकाचा रकाना रिकामा ठेविता येत नाही, रकाना रिकामा म्हणजे चोरी. कारकुनाने मेणबत्ती पेटविली.

सुष्मिताबाईंनी टेबलाचा खण उघडून दोन तबकड्या काढिल्या. पहिली पुढे ठेविली आणि म्हणाल्या की साहेब, ही आमची प्रणाली आणि तिचा मसुदा. परवान्यात लिहिले आहे की मागेल त्यास द्यावी, आपण न मागताच देतो, कचेरीत घालावी. मग दुसरी ठेविली. तीवर निळ्या स्केचपेनाने लिहिले होते: ऑफिस कॉपी, परत करणे.

त्या म्हणाल्या, "साहेब, चोरीची म्हणता ती हीच. तुमच्या माणसानं घातली आणि हितंच विसरली. परत घेऊन जावा, फक्त पोच द्या."

कारकुनाने मेणबत्ती विझविली. साहेबांनी तबकडीकडे पाहिले, कारकुनाकडे पाहिले. तबकडी घ्यावी तर पोच लिहावी लागते आणि कचेरीचा माल म्हणून कबूल होतो. जप्त करावी तर पंचनाम्यात तो कोणी आणिला ते लिहावे लागते. साहेबांनी दोन्हींतले काही केले नाही. तक्त्यावर परवाना क्रमांकाचे जागी "सर्वांस मोकळा" असे लिहिले, खाली "बेकायदेशीर काही आढळले नाही" असे लिहिले, सही केली आणि जीपमध्ये जाऊन बसले. दानम्मांनी मागून हाक घातली की पावणं, चहा घेऊन जावा की. ते थांबले नाहीत.

येणेप्रमाणे कोडोलीची मोहीम फत्ते जाहली. पाच यंत्रे जागेवर, एकतीस पोरी जागेवर, सुष्मिताबाईंचे नाव आरोपीचे रकान्यात चढले नाही आणि बाप त्या दिवशी पोटभर जेवला. पाचही यंत्रे दर सोमवारी बंद असतात. तैसा शाळेचा ठराव आहे, सूचक गुरुपाद, अनुमोदक आकाराम.

राहिली ती तबकडी. ती आमचेपाशी आहे, निळी अक्षरे अजून पुसटलेली नाहीत. ती घेऊन जावी म्हणून पत्रे धाडिली, तीन, पोचेसह. उत्तर नाही. आता माहितीचा कायदा आला आहे, म्हणून ही हकीकत अर्जास जोडून देत आहो. जी तबकडी आमचे खोलीत चोरीची ठरली, ती आपल्या कचेरीच्या किती यंत्रांत आजही नांदते आहे? त्यांचा पंचनामा कोणी केला, आणि आरोपीचे रकान्यात नाव कोणाचे लिहिले? आणि आपल्याच हुकुमाप्रमाणे परत करावयाची ही ऑफिस कॉपी आम्ही कोणाचे हाती द्यावी? मुदत तीस दिवस. नाव लिहून, सहीनिशी उत्तर द्यावे.